पाचवी ओळ

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, देवळात नाही, ताप चढून बडबडत होतो तेव्हासुद्धा नाही — बरा झाल्यावर मी बायकोला खोदून खोदून विचारलं होतं, काय काय बडबडलो म्हणून. आज बोलतोय ते मन हलकं व्हावं म्हणून नव्हे. ते करायचंच असतं तर इतकी वर्षं सवड काय थोडी होती? तुम्ही आमची गाणी ऐकलीत, माना डोलावल्यात, आणि त्यांच्याबद्दल भलतंच काहीतरी समजून बसलात. तेवढं मला आता सहन होत नाही.

मी वामन. धंद्यानं शिंपी. चाळीसगावच्या अलीकडे गिरणेकाठी आमचं गाव, आणि आमचा चार जणांचा फड. खानदेशात ज्यांनी ज्यांनी आमचा फड ऐकलाय त्यांना एक गोष्ट हमखास आठवते. शाहीर कडवं म्हणतो, शेवटची ओळ वर चढवतो आणि तिथंच थांबतो. डफ थांबतो. मागचे झीलकरी तोंड मिटून उभे. क्षणभर सगळं गप्प — आणि मग समोर बसलेली माणसं स्वतःहून धृपद उचलतात. म्हातारे, बाया, पोरं, सगळी.

याच्यावर जळगावात एका शिकलेल्या गृहस्थांनी भर सभेत भाषण केलं होतं. म्हणाले, बाकीचे फड लोकांपुढे गातात, हा फड लोकांना गायला लावतो, यामागे केवढा विचार आहे. मी खांद्यावर शाल घेऊन पुढेच बसलो होतो. मान खाली घातली होती. लोकांना वाटलं, माणूस विनयशील आहे.

विचार! कसला विचार? काय होतं ते सांगतो. पण आधी तुम्हाला गाणं कळायला हवं, नाहीतर मी काय केलं ते कळायचं नाही. म्हणाल, हा टाळतोय. टाळतोय थोडंसं, पण हेही खरंच आहे.

फडाचं गाणं म्हणजे तसं सरळ काम. पुढे शाहीर, हातात डफ. मागे झीलकरी, एकाजवळ तुणतुणं. शाहीर चार ओळींचं कडवं म्हणतो, चारींचं यमक जुळतं, चौथी ओळ खाली उतरते, आणि ती जमिनीला टेकायच्या आत झीलकरी धृपद उचलतात. सगळे फड असंच गातात. चाली वेगळ्या, कथा वेगळ्या, पण बांधणी तीच. एका मापाचे सदरे.

आमचा शाहीर होता सुपडू. पोटासाठी बैलगाडी हाकायचा. गावातला कापूस चाळीसगाव स्टेशनावर नेऊन घालायचा आणि जाता-येता गाडीवर बसून गाणी रचायचा. सुपडूनं काय केलं, तर कडव्याला पाचवी ओळ लावली. चार ओळी नेहमीसारख्या, आणि पाचवी — तिला यमकच नाही. उतरायच्या ऐवजी ती वर चढते आणि लोंबकळते. तिचं यमक कुठं? धृपदाच्या पहिल्या शब्दात. हे ऐका —

कापूस भरला, गाडी जुपली,
चांदणी बाई ढगात लपली,
बोलता बोलता वाट संपली,
निजल्या गावाची हद्द लोपली,
वेशीपासून वळून पाहिली —

पाहिली म्हणून गळा वर गेला, आणि आता? काय पाहिली? ऐकणारा बसल्या जागी पुढे सरकतो. तेवढ्यात मागून —

राहिली गं राहिली, भाकर तव्यावर राहिली!

साधं गाणं. गाडीवानाची भाकर तव्यावर राहिली, आणि भाकरीसोबत जी राहिली तिचं नावसुद्धा गाण्यात नाही. मी सुपडूला एकदा विचारलं होतं, ही पाचवी ओळ कशाला? तो म्हणाला, "चार ओळीस्मा मानूस बसस, पाचवीले उठस." एवढंच. त्याला याहून जास्त सांगता यायचं नाही आणि मला याहून जास्त ऐकायची गरज नव्हती. माझ्या दुकानात सदरा शिवता शिवता मला ते पटलं होतं.

आता माझं काम. पाचव्या ओळीनंतर धृपदाचा तो पहिला शब्द मी एकट्यानं घ्यायचा, आणि मग दोघे झीलकरी — ते सख्खे भाऊ होते — माझ्या मागून यायचे. याला आम्ही उचल म्हणायचो. सुपडूची ओळ हवेत आहे, खाली काही नाही, आणि मी तिला झेलतो. लवकर घेतली तर त्याची तान कापली जाते, उशीर केला तर तो पडतो. माझी उचल कधी चुकली नाही. कधीच नाही. हे मी मिरवण्यासाठी सांगत नाही — मिरवण्यासाठीच सांगतोय, का नाही सांगू? कोणी कधी विचारलंय का? शाल शाहिराला, नारळ शाहिराला, फेटा शाहिराला. मागच्यांना गुळाचा खडा आणि पाणी.

तर महायुद्धाच्या आधीची गोष्ट. दोंडाईचाच्या जत्रेत दोन फडांचा सामना ठरला. आम्ही आणि धुळ्याकडचा एक नावाजलेला फड. तोवर आमचं हे गाणं गाडीवानांनी आणि कापूस वेचणाऱ्या बायांनी आमच्याही पुढे पोचवलं होतं. चाळीसगावाहून जळगाव, तिथे गाडी बदलून दोंडाईचा. डब्यात एक मारवाडी शेठ आमच्यासमोर बसले होते, कपड्याचे व्यापारी. बोलके गृहस्थ. डफ पाहून विचारलं, तुमच्यात गाणारा कोण? सुपडूनं छातीला हात लावला. शेठनी माझ्याकडे बोट केलं, आणि हे? मी तोंड उघडणार, तेवढ्यात सुपडू हसून म्हणाला, "हाऊ झील धरस. झीलनं काय शे, कोनीबी धरी लेस."

एवढंच. गमतीत म्हणाला. शेठ हसले, दोघे भाऊ हसले, मीही हसलो. सुपडूनं लगेच शिदोरी सोडली आणि पहिली भाकर माझ्याच हातावर ठेवली. त्याच्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

आणि तरी आत काहीतरी पेटलं. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा बोलण्यावरून? हो, एवढ्याशा. तुमच्या दहा वर्षांच्या कामाला कोणी असं हसत हसत पुसून टाकलं की मग मला सांगा ते एवढंसं होतं का. कोणीबी धरतो ना? बरं. धरू दे मग कोणीबी. दोंडाईचा येईपर्यंत मी खिडकीतून बाहेर बघत होतो आणि माझं ठरलं होतं.

दुपार कलल्यावर सामना सुरू झाला. मैदान गच्च भरलं होतं, एका अंगाला बाया, समोर पुरुष, झाडांवर पोरं. धुळ्याचा फड जोरात गायला. मग आम्ही. सुपडूनं पहिलं कडवं घेतलं, आणि खरं सांगतो, तो त्या दिवशी जसा गायला तसा पुन्हा कोणी गायलेला मी ऐकला नाही. पाहिली — म्हणून त्याचा आवाज वर गेला, तिथं थरथरत थांबला.

मी उचल घेतली नाही.

तोंड मिटून उभा राहिलो. दोघे भाऊ माझ्याकडे बघायला लागले, तर मी हळूच मान हलवली — नाही, अजून नाही, हा चुकीच्या जागी आलाय, अशी. डफावर थाप पडली, दुसरी पडली, मागून काहीच नाही. सुपडूनं वळून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. घाबरला होता तो. धुळ्याच्या फडातून कोणीतरी फिदीफिदी हसलं. सुपडूनं सावरून पाचवी ओळ पुन्हा घेतली, या खेपेला जरा जास्त ताणली, मला जागा मिळावी म्हणून.

आणि मी दुसऱ्यांदाही गप्प राहिलो. पहिल्यांदा रागानं राहिलो असेन. दुसऱ्यांदा राग नव्हता. दुसऱ्यांदा मला बघायचं होतं, हा कसा पडतो ते.

तो पडला नाही. बायांच्या बाजूनं एक आवाज उठला — राहिली गं राहिली — आणि मग सगळं मैदान उठलं. भाकर तव्यावर राहिली! जत्रेतले दुकानदार म्हणत होते, झाडावरची पोरं म्हणत होती. पाचव्या ओळीनं जो पदर मोकळा सोडला होता तो धरल्याशिवाय त्यांना राहवेना. पुढच्या कडव्याला लोक आधीच तयार होऊन बसले. आम्हाला गप्प राहावंच लागलं. सामना आम्ही जिंकला. हीच ती तुमची विचारपूर्वक केलेली बांधणी.

आणि कोणीबी धरी लेस, हे त्याचं बोलणं मीच खरं करून दाखवलं. खुशाल हसा.

इथवरचं मी एखाद्या दिवशी सांगितलंही असतं. गड्यांच्यात असली खुन्नस चालते, कालांतरानं त्याचे विनोद होतात. पण माझा गुन्हा हा नाही. तो पुढे आहे, आणि तो मी अगदी शांतपणे केला.

सुपडूच्या वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. नानाही डफ वाजवायचे. चाळिशीला आल्यावर त्यांचे कान गेले — एकदम नाही, आधी ताल गेला. गावच्या भंडाऱ्यात गाणं संपून जायचं आणि नाना डोळे मिटून वाजवतच राहायचे. माणसं तोंडाला उपरणं लावून हसायची. सुपडू उठून जायचा, वडिलांच्या हातावर हात ठेवायचा. त्या हसणाऱ्यांत मी नव्हतो. त्याच्या शेजारीच बसलेलो असायचो मी. त्याला जगात एकाच गोष्टीची भीती होती आणि ती माझ्याइतकी कोणालाच ठाऊक नव्हती.

त्या संध्याकाळी आम्ही दोंडाईचा स्टेशनावर गाडीची वाट बघत बसलो होतो. दोघे भाऊ खुशीत, शेवचिवडा खात होते. सुपडूच्या गळ्यात हार तसाच होता. तो माझ्याजवळ सरकला आणि हळू आवाजात म्हणाला, "वामन, खरं सांग. मी चुकनू का?"

तोंडापर्यंत आलं होतं. खरं सांगायला दोन शब्द लागले असते, त्यानं चार शिव्या घातल्या असत्या, आणि आम्ही त्याच गाडीनं घरी आलो असतो. मी त्याच्या गळ्यातल्या हाराकडे बघितलं आणि म्हणालो, "पहिले तू लवकर ऊना. मंग उशीर कया."

आधी लवकर आलास, मग उशीर केलास. काय नेमका वार केला बघा. नुसतं लवकर म्हटलं असतं तर त्याला वाटलं असतं, घाई झाली. नुसतं उशीर म्हटलं असतं तर म्हणाला असता, दम कमी पडला. एकदा अलीकडे आणि एकदा पलीकडे — म्हणजे जागाच सापडत नाही. म्हणजे नाना. त्यानं दोघा भावांकडे पाहिलं. मी मान हलवलेली त्यांनी पाहिली होती. त्यांनीही खाली बघितलं.

जळगाव आल्यावर त्यानं डफ माझ्या मांडीवर ठेवला. "आते तू धर," म्हणाला.

आणि मी धरला. का धरला? धरायचाच होता म्हणून धरला. पुढे उभं राहिल्यावर मैदान कसं दिसतं ते मी इतकी वर्षं त्याच्या पाठीआडून बघत होतो. मला फेटा आवडला, शाल आवडली, लोक वाट सोडायचे ते आवडलं. सुपडूच्या पाचव्या ओळी माझ्याजवळ होत्या आणि गप्प राहायची युक्ती माझी होती, आता मुद्दाम ठरवून केलेली. इतर फडांनी आमची नक्कल केली. चौथ्या ओळीनंतर थांबून बघायचे, आणि लोक नुसते बसून राहायचे, कारण चौथी ओळ आधीच टेकलेली असते, तिला कोणाची गरज नसते. लोंबकळणारी ओळ पाहिजे आणि तिला सोडून देणारा पाहिजे. पहिलं सुपडूचं, दुसरं माझं. हे मी आज कबुलीतही खाली ठेवणार नाही. माझ्या खोडसाळपणाशिवाय ते गाणं बरं गाणं राहिलं असतं. त्या खोडसाळपणानं ते मोठं झालं. तुम्हाला हे आवडत नसेल तर नका आवडून घेऊ.

एकदा सुपडूची बायको, ताराअक्का, माझ्या दुकानात आली. पोराचं कुडतं शिवायचं निमित्त होतं. म्हणाली, हे आता गाडीवरसुद्धा गात नाहीत. तिनं म्हणे त्याच्या पाठीमागे मुद्दाम तांब्या पाडून बघितला, दाराची कडी हळू वाजवून बघितली, तो दर वेळी वळला. तिनं त्याला तसं सांगितलंही. तर तो म्हणाला, तांब्या ऐकणं वेगळं आणि ताल ऐकणं वेगळं, नानांनाही तांब्या ऐकू येत होता. "भाऊ, तुम्हीच सांगा त्यास्ले," अक्का म्हणाली, "त्यास्ना कान चांगला शेतस. तुम्हनं त्या आयकतीन."

माझं तो ऐकेल म्हणाली! मी कुडत्याचं माप घेतलं, बघतो म्हणालो. कुडतं मात्र वेळेवर शिवून दिलं.

सुपडूनं गाणी रचणं सोडलं. पण आमचं गाणं ऐकायला तो यायचा. गावात असो, चाळीसगावला असो, जळगावला असो, गाडीला भाडं मिळो न मिळो, तो येऊन गर्दीत बसायचा. मी विचारलं, तर म्हणाला, लोकांत बसून म्हटलं की चुकलं तरी कळत नाही कोणाला. आणि मी पाहिली — म्हणून थांबलो की गर्दीतून पहिला शब्द त्याचा यायचा. तो आवाज मला हजारात ओळखू येतो. राहिली — जिथं यायला हवा तिथंच, जराही अलीकडे नाही, पलीकडे नाही. त्याच्या मागून मैदान.

वर्षानुवर्षं हे चाललं. मी पुढे उभा राहून ऐकायचो. ज्या माणसाला मी सांगितलं होतं की तुला जागा सापडत नाही, तो दर कडव्याला मला जागा दाखवत होता. आणि मी काय करायचो? पुढचं कडवं घ्यायचो.

या वर्षी चैत्रात सुपडू गेला. ताप आला आणि चार-सहा दिवसांत गेला. त्याच्या उशाशी मी बसलो होतो. शुद्धीवर होता, हाक मारली की बघत होता. सांगता आलं असतं. नाही सांगितलं. याला मला कुठलंच कारण जोडायचं नाही.

स्वातंत्र्य मिळालं त्या झेंडावंदनाच्या दिवशी गावात आमचा कार्यक्रम ठेवला. सगळं गाव हजर, आसपासची गावं हजर, असा दिवस पुन्हा येणार नाही म्हणून लोकांनी तेच गाणं मागितलं. मी पहिलं कडवं घेतलं. पाचवी ओळ वर नेली, सोडून दिली, थांबलो.

कोणीच आलं नाही. डफावर थाप पडली. मी समोर बघत होतो, समोरचे माझ्याकडे बघत होते, काहीजण एकमेकांकडे. मग कुठूनतरी एकदोघांनी सुरुवात केली, मागून बाकीचे आले, विस्कळीत, कोणी आधी, कोणी नंतर. मग सूर लागला आणि टाळ्याही पडल्या. कोणाच्या काही लक्षात आलं नाही.

तेव्हा मला समजलं. धृपद लोकांनी आपणहून उचललं ते एकदाच, दोंडाईचाला. त्यानंतर जिथं जिथं लोकांनी धृपद धरलं आणि शहाण्यांनी त्याच्यावर भाषणं केली, तिथं तिथं गर्दीत सुपडू बसला होता. सगळे त्याच्या उचलीवर यायचे. इतकी वर्षं तो माझी झील धरत होता. त्यानं मला एकदाही लोंबकळत ठेवलं नाही.

आता तुम्हाला माझ्याबद्दल जे वाटायचं ते वाटू द्या. मला त्याचं काही करायचं नाही. गाणं चांगलंच आहे, ते म्हणत राहा. फक्त एक वाक्य आहे, दोंडाईचाच्या स्टेशनावर बोलायचं राहिलेलं. ते त्याच्याच बोलीत होतं, म्हणून तसंच सांगतो.

तू दोन्हीदाव बराबर ऊना व्हता, सुपडू. उचल मीच लिधी नही.